तीस वर्षांत जग इतकं जाड कसं झालं?

१९९० साली जगात लठ्ठ म्हणता येतील अशी प्रौढ माणसं होती साधारण साडेएकोणीस कोटी. २०२२ मध्ये ती झाली जवळपास ८८ कोटी. पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचा आकडा याच काळात ३.१ कोटींवरून १५.९ कोटींवर गेला. म्हणजे दोन्ही मिळून शंभर कोटींच्या वर. लोकसंख्याही वाढली ना, असं कुणी म्हणेल. वाढली, पण ती दीडपट झाली. लठ्ठ प्रौढ साडेचारपट झाले आणि लठ्ठ मुलं पाचपट. दीडशेहून जास्त देशांतल्या २२ कोटी माणसांची उंची-वजनं तपासून काढलेला हा हिशोब २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

बत्तीस वर्षं म्हणजे जेमतेम एक पिढी. इतक्या काळात माणसाची जनुकं बदलत नाहीत. आणि जगातल्या बहुतेक सगळ्या देशांतली माणसं एकाच वेळी आळशी झाली, जिभेवरचा ताबा सगळ्यांचा एकदमच सुटला, हे तर पटण्यासारखंच नाही. तरीही लठ्ठ माणूस समोर आला की आपल्या मनात पहिला विचार तोच येतो: याला तोंड आवरत नाही. इतकी वर्षं हा समज टिकून आहे, कारण वरवर पाहता तो बरोबरच वाटतो.

आधी मोजमापाचं उरकून घेऊ. लठ्ठपणा ठरवतात तो बीएमआय नावाच्या आकड्यावरून. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६० मीटर आणि वजन ७७ किलो असेल तर उत्तर ३० येतं. २५ च्या वर गेलं की वजन जास्त, ३० पासून पुढे लठ्ठपणा. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात मांडलं ॲडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने, आणि त्याला आजारपणात काडीचाही रस नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो एवढंच त्याला शोधायचं होतं. बीएमआय हे नाव पडलं १९७२ मध्ये. त्यामुळे या आकड्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. चरबी किती आणि स्नायू किती हे त्याला कळत नाही. चरबी मांड्यांवर आहे की पोटात, यकृताभोवती, हेही कळत नाही, आणि मधुमेह-हृदयविकाराच्या दृष्टीने खरा फरक तिथेच पडतो. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाही मधुमेह गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या खालच्या पायऱ्या सुचवल्या. २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने तर नुसत्या बीएमआयवर निदान करूच नका, कंबरेचा घेर मोजा आणि अवयवांवर परिणाम झालाय का ते बघा, असं सांगितलं. एका माणसाचं निदान करायला हा आकडा तोकडा पडतो. पण कोट्यवधी लोकांचा कल बघायला तो पुरतो, आणि तो कल कुठे चाललाय याबद्दल वाद नाही.

आता त्या 'तोंड आवरत नाही'कडे वळू. खाल्लेल्या कॅलरी जास्त आणि खर्च झालेल्या कमी, की उरलेली चरबी होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. पण हे म्हणजे ताप का आला असं विचारल्यावर अंग तापलं म्हणून, असं उत्तर देण्यासारखं आहे. एकाच ताटावर बसलेल्या दोघांपैकी एकाला अर्ध्यातच पुरे का होतं, आणि दुसऱ्याला संपल्यावरही आणखी का हवंसं वाटतं, हा मुद्दा त्यात येतच नाही.

याचं उत्तर शोधायला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये लावाल विद्यापीठात एक प्रयोग झाला. निष्कर्ष आले १९९० मध्ये. एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या निवडल्या, सगळे तरुण. त्यांना शंभर दिवस एका वसतिगृहात देखरेखीखाली ठेवलं आणि त्यातले ८४ दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. व्यायाम बंद. हिशोबाने सगळ्यांचं वजन सारखंच वाढायला हवं होतं, कारण ८४,००० जादा कॅलरी सगळ्यांच्याच पोटात गेल्या होत्या. प्रत्यक्षात कुणाचं ४.३ किलो वाढलं, तर कुणाचं १३.३. तिपटीचा फरक! आणि हा फरक एका जोडीतल्या दोन भावांमध्ये फारसा नव्हता, तो होता वेगवेगळ्या जोड्यांमध्ये. एकाचं कमी वाढलं तर त्याच्या जुळ्याचंही साधारण तेवढंच कमी. चरबी शरीराच्या कुठल्या भागात साठली यातसुद्धा भाऊ भावावर गेलेला.

त्याच्या चार वर्षं आधी डेन्मार्कमधून असाच एक निकाल आला होता. ५४० दत्तक व्यक्तींच्या वजनाची तुलना संशोधकांनी दोन्हीकडच्या आईवडिलांशी केली. ज्यांच्या घरात ती वाढली, ज्यांच्या हातचं खाल्लं, त्या आईवडिलांच्या वजनाशी त्यांच्या वजनाचं काही नातं दिसलं नाही. जन्मदात्यांशी मात्र स्पष्ट दिसलं.

म्हणजे सगळं रक्तातच आहे? इथे बरेच जण घाईने एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. जनुकं १९९० मध्ये होती तीच आज आहेत, तेव्हा ही वाढ नुसत्या त्यांच्या माथी मारता येणार नाही. अन्न जपून, मोजून मिळत होतं तेव्हा जबर भूक असणारा आणि बेताची भूक असणारा, दोघेही सडपातळच राहायचे. अन्न मुबलक, स्वस्त आणि हाताशी आलं तसा त्यांच्यातला फरक अंगावर दिसायला लागला. कुणाचं वजन वाढणार हे बरंचसं जनुकं ठरवतात. एकूण किती जणांचं वाढणार, ते ठरतं भोवतालावर.

भुकेची ही यंत्रणा काम कशी करते याचा मोठा धागा १९९४ मध्ये हाती लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या एका वाणातलं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. हे जनुक एक संप्रेरक बनवतं. त्याचं नाव लेप्टिन. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि साठा किती आहे ही खबर त्यातून मेंदूला मिळते. लेप्टिन मिळालं नाही की मेंदूला वाटतं उपासमार चालू आहे, आणि भूक शमतच नाही. काही मोजक्या मुलांमध्ये जन्मतःच हे संप्रेरक नसतं. ती लहान वयात प्रचंड लठ्ठ होतात, अन्नासाठी कासावीस होतात. अशा मुलांना केंब्रिजच्या डॉक्टरांनी लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि त्यांची भूक चारचौघांसारखी झाली, वजन उतरलं. त्या मुलांवर कुणी संयमाचे संस्कार केले नव्हते, एक रेणू मिळाला होता इतकंच.

आता लठ्ठपणावर औषध सापडलं असं तेव्हा वाटलं होतं. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. लेप्टिन वाढलं तर मेंदू फारशी फिकीर करत नाही, कमी झालं तर मात्र लगेच हातपाय हलवतो. आपल्या शरीराला भीती वाटते ती बारीक होण्याची. जाड होण्याची भीती त्याला शिकायला मिळालीच नाही, कारण हजारो पिढ्या माणसं मेली ती दुष्काळात.

म्हणूनच उतरलेलं वजन परत येतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ परत आले होते. पण खरा धक्का त्यांच्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जाखर्चाने दिला. तेवढ्या वजनाच्या, तेवढ्या वयाच्या माणसाचा जितका असायला हवा त्यापेक्षा तो रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. स्पर्धा संपून सहा वर्षं झाली तरी शरीर काटकसरच करत होतं. शिवाय घटलेल्या वजनामुळे भूक वाढते ती वेगळीच. 'डाएट सोडलं, म्हणून फुगला' असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

मग बदललं काय? माझ्या मते सगळ्यात वजनदार उत्तर अन्नाचं आहे, आणि त्यातही कारखान्यात घडवलेल्या अन्नाचं. ब्राझीलच्या कार्लोस मोंटेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची एक नवी वर्गवारी मांडली: पदार्थात कुठलं सत्त्व किती हे न बघता त्याच्यावर प्रक्रिया किती झाली ते बघायचं. शेवटच्या गटाला नाव पडलं अल्ट्रा-प्रोसेस्ड. धान्य-तेलबियांचे घटक सुटे करायचे, त्यांत साखर, मीठ, चरबी, रंग, स्वाद मिसळायचे आणि पुन्हा जुळवून पाकिटात भरायचे, असा हा माल.

पण प्रक्रियेनेच माणूस जास्त खातो की त्यातल्या साखर-मिठाने? हे तपासायला केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना चार आठवडे मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे सगळं अल्ट्रा-प्रोसेस्ड, दोन आठवडे साध्या घटकांपासून रांधलेलं. निम्म्यांना आधी हे, निम्म्यांना आधी ते. दोन्ही प्रकारच्या ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू यांचा मेळ घातलेला. वाढलेलं मुबलक असायचं आणि सूचना एकच: हवं तेवढं खा, नको तेवढं टाका. पाकीटबंद अन्नाच्या दोन आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच घटली. बाकी काहीही बदललं नव्हतं.

यात दोन गोष्टी बारकाईने बघण्यासारख्या आहेत. पहिली, वेग. मऊ, चावायला न लागणारं अन्न माणसं भराभर गिळत होती, आणि पोट भरल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसरी, खर्च. रोजच्या २,००० कॅलरींच्या हिशोबाने आठवड्याचं प्रक्रिया केलेलं अन्न पडलं १०६ डॉलरला, साधं अन्न १५१ डॉलरला. श्रीमंत देशांत लठ्ठपणा गरीब वस्त्यांत जास्त का, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे. प्रयोग लहान होता, थोड्या दिवसांचा होता, हे मान्य. शिवाय या वर्गवारीत शीतपेय आणि पाकिटातला अख्ख्या धान्याचा ब्रेड एकाच गटात जाऊ शकतात, हे मला खटकतं. दोन्हींचा परिणाम सारखा नाही. पण मूळ निष्कर्ष सहज झटकून टाकता येणारा नाही.

'आणि व्यायाम?' हा प्रश्न येणारच. बैठं काम वाढलं, म्हणून वजनं वाढली, हे सगळ्यांना पटणारं स्पष्टीकरण आहे. पण हर्मन पाँट्झर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. हे लोक अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर मैलोन् मैल चालतात. २०१२ मध्ये आलेलं उत्तर अनेकांना पचलं नाही: शरीराच्या आकाराचा फरक लक्षात घेतला तर हाड्झा माणूस आणि कचेरीत बसणारा पाश्चात्त्य माणूस, दोघांचा दिवसभराचा एकूण खर्च जवळपास सारखाच. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घेतं. व्यायाम हृदयाला, रक्तातल्या साखरेला, मनाला चांगला, उतरलेलं वजन टिकवायलाही त्याची मदत होते. तो सोडू नका. पण जगाचा लठ्ठपणा मुख्यतः व्यायाम सुटल्यामुळे वाढला, या म्हणण्याला पुरावा फार थोडा आहे. हे म्हणणं इतकं लोकप्रिय कसं झालं, त्याचंही एक कारण २०१५ मध्ये उघड झालं. खाण्यापेक्षा हालचालीवर भर द्या असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाला कोका-कोला कंपनीने पैसे पुरवले होते. बातमी फुटल्यावर वर्ष संपायच्या आत तो गट गुंडाळला गेला.

भोवताल बदलला की काय होतं ते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर सगळ्यात ठळक दिसतं. टोंगा, नाउरू, अमेरिकन सामोआ इथे आज निम्म्याहून बरेच जास्त प्रौढ लठ्ठ आहेत. नाउरूची बहुतेक जमीन फॉस्फेटच्या खाणींनी खरवडून काढली. पिकवायला जागाच उरली नाही, आणि अन्न बाहेरून येऊ लागलं. अमेरिकन सामोआच्या शेजारच्या सामोआ या स्वतंत्र देशात परदेशातून टर्कीच्या शेपट्या यायच्या: जिथे त्या निघायच्या तिथे कुणी फारसं न खाणारा, चरबीने भरलेला भाग. सरकारने २००७ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. पण जागतिक व्यापार संघटनेत यायचं तर बंदी उठवा, अशी अट आली आणि ती उठवावी लागली. बेटांवरची माणसं जात्याच जाड, असं म्हणणाऱ्यांनी एवढी साखळी तरी नजरेखालून घालावी. सामोआच्या लोकांत वजन वाढवणारं एक जनुक-रूप बरंच आढळतं, हे खरं आहे. पण टर्कीच्या शेपट्या बोटीतून येण्याआधीही ते तिथे होतंच.

गरीब देशांची गाठ आणखी अवघड आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि तिथे उपासमार झाली. त्या सुमारास जन्मलेली मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या तपासणीत आली, आणि तीन लाख नोंदींमधून एक गोष्ट दिसली. आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या वाट्याला उपासमार आली होती, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता. पोटात असताना टंचाई अनुभवलेलं शरीर साठवायला शिकून येतं, असा याचा एक अर्थ लावतात. आता अशा देशांचा विचार करा जिथे आजीने भूक काढली आणि नातवाच्या हाती गोड पेयाची बाटली आहे. तिथे कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच घरात, कधी एकाच माणसात राहतात. २०२५ मध्ये युनिसेफने सांगितलं की पाच ते एकोणीस वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण, ९.४ टक्के, पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या, ९.२ टक्के, पुढे गेलं. २००० साली लठ्ठ मुलं तीन टक्के होती आणि कमी वजनाची जवळपास तेरा.

औषधांचा बोलबाला सध्या खूप आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. आतडी जेवणानंतर जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. त्याची नक्कल करणारी ही औषधं मेंदूला पोट भरल्याचं सांगतात. सेमाग्लुटाइडने चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडने ७२ आठवड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास. मळमळ, उलट्या, पोटाच्या तक्रारी होतात. काहींना सोसत नाहीत. औषध थांबवलं की वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत येतो. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखं ते बहुधा कायम चालू ठेवावं लागणार, आणि शंभर कोटी लोकांना कायमचं इंजेक्शन पुरवणं कुणालाच परवडणार नाही. एक गोष्ट मात्र या औषधांनी पक्की केली. घेणारे लोक सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार गप्प झाला. भूक हा स्वभावातला दोष असता तर तो इंजेक्शनने गेला नसता.

भोवतालावर उपाय करण्याचे प्रयत्नही झालेत. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला; पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी, कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, अशा पाकिटांवरून मुलांना भुलवणारी कार्टूनं हटवली आणि शाळांत तो माल विकायला बंदी केली. एकट्या कराने किंवा एकट्या शिक्क्याने कुठल्याही देशाचा लठ्ठपणा उतरलेला नाही. वाढ थोपवणं मात्र जमू शकतं असं दिसतं. फ्रान्स आणि स्पेनमध्ये बायकांमधलं प्रमाण बऱ्याच वर्षांपासून चढलेलं नाही.

मला सगळ्यात चतुर वाटतो तो ब्रिटनचा कर. त्यांनी तो बाटलीवर सरसकट न लावता साखरेच्या प्रमाणावर लावला: १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या खाली शून्य, ५ ते ८ मध्ये कमी, ८ च्या वर जास्त. घोषणा झाली मार्च २०१६ मध्ये, वसुली सुरू व्हायची होती एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी आपली कृतीच बदलली आणि साखर पाचच्या खाली आणली. गिऱ्हाईक त्याच दुकानातून तीच बाटली उचलत राहिलं. त्याच्या पोटात साखर कमी जाऊ लागली. बिस्किटं, केक, चॉकलेटं यांना हा कर लागू नाही, आणि तिथे कंपन्यांना फक्त विनंती केली होती. तिथली साखर जवळपास होती तिथेच राहिली.